गाण्याचे १०७ टक्के

दर रविवारी मावशीचा फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला: "काय गं, या आठवड्यात कोण गायक भेटला?" लंडनमध्ये संगीताच्या कंपनीत नोकरी म्हटल्यावर तिला स्टुडिओच दिसतो. निघताना मलाही तोच दिसत होता. मी मिरजेची. सतारमेकर गल्लीत तंबोऱ्यांचे भोपळे बघत शाळेत गेले.

तीन वर्षांत एकही गायक भेटलेला नाही. मी कॉपीराइट विभागात आहे. दिवसभर समोर एक्सेल. आमच्या लेखी गाणं म्हणजे आयएसआरसी, प्रत्येक रेकॉर्डिंगला मिळणारा बारा अक्षर-आकड्यांचा कोड. त्यातले दोन आकडे वर्षाचे, शेवटचे पाच क्रमांकाचे. गाणं न ऐकताच त्याचं सगळं काम उरकता येतं, हे मला अजून पचलेलं नाही.

निम्मा वेळ गाण्याच्या कमाईतल्या हिश्श्यांच्या भांडणात जातो. एक गाणं, चार जणांनी मिळून केलेलं. प्रत्येकाच्या प्रकाशकाने, म्हणजे गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीने, आपापला हिस्सा नोंदवला की बेरीज होते १०७ टक्के. ती १०० वर येईपर्यंत पैसे अडकून राहतात आणि महिनोन्महिने नुसत्या ईमेली चालतात.

पण खरा त्रास झाला तो मार्चमध्ये. एका रेकॉर्डिंगच्या वादकांची यादी आली. गिटार, बेस, ड्रम्स, सगळ्यांची नावं-आडनावं. शेवटच्या ओळीत वादकाच्या रकान्यात फक्त 'तबला'. इथे रेडिओवर किंवा दुकानात गाणं वाजलं की पीपीएल ही संस्था साथीदारांनाही पैसे देते. पण त्यासाठी यादीत नाव लागतं.

त्या दिवशी मी ते गाणं ऐकलं. दुसऱ्या कडव्याआधी तबलजीने छोटीशी तिहाई, म्हणजे एकच बोल तीनदा वाजवून समेवर येणं, घेतली होती, इतकी स्वच्छ की मी ती चार वेळा मागे घेऊन ऐकली. स्टुडिओला लिहिलं. उत्तर आलं: एका दुपारपुरता आला होता, निर्मात्याने परस्पर बोलावलेला. निर्मात्याला दोनदा लिहिलं, उत्तर नाही. साहेब म्हणाले, रकाना रिकामा ठेव, शुक्रवारी फाइल जायला हवी.

फाइल गेली. निर्मात्याला मी आज तिसऱ्यांदा लिहिलंय. मावशीलाही यावेळी सगळं सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "त्याच्या घरी तरी ठाऊक असेल ना गं, की हे त्याने वाजवलंय?"