निदानाच्या आधीच थेरपी

लेक वीस महिन्यांची झाली तेव्हा घरात तिच्याबद्दल दोन मतं होती. आजी म्हणायची, "काही मुलं उशिराच बोलतात. हिच्या बापाच्याही तोंडून तीन वर्षांपर्यंत शब्द फुटला नव्हता." बायकोचं म्हणणं, गोष्ट फक्त बोलण्याची नाही. बाप म्हणजे मीच, पण मला त्यातलं काहीच आठवत नसल्याने साक्षीदार म्हणून माझा उपयोग शून्य.

बालरोगतज्ज्ञांकडे गेलो ते 'बोलत नाही' ही तक्रार घेऊन. त्यांनी विचारलं भलतंच. बोट दाखवते का? काही आवडलं की तुम्हाला आणून दाखवते का? हाक मारली की वळते का? तेव्हा बायकोने कपाटाची गोष्ट सांगितली. लेकीला काही हवं असलं की ती माझं मनगट धरून ओढत न्यायची आणि माझा हात कपाटाच्या कडीवर नेऊन ठेवायची. पण माझ्या तोंडाकडे एकदाही बघायची नाही. घरात याचं कौतुक चालायचं. डॉक्टरांनी ते शब्दाला शब्द लिहून घेतलं. साधारण दीड वर्षापर्यंत मुलं नुसतं मागण्यासाठी नाही, तर 'ते बघ' म्हणून दाखवण्यासाठीही बोट वापरतात. आमच्याकडे दोन्ही नव्हतं.

मग एम-चॅट नावाची, स्वमग्नतेची (ऑटिझमची) शक्यता चाचपणारी प्रश्नावली भरून घेतली. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी असते, २० प्रश्न, उत्तर फक्त हो किंवा नाही. ही चाळणी चाचणी आहे, यावरून निदान होत नाही, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं. गुण २ पर्यंत आले तर धोका कमी, ३ ते ७ आले तर अडलेल्या प्रश्नांवर पुन्हा खोदून विचारतात, ८ किंवा जास्त आले तर थेट पुढच्या तपासणीला पाठवतात. आम्ही मधल्या गटात होतो, आणि खोदून विचारल्यावरही चित्र फारसं बदललं नाही.

त्यांनी दोन चिठ्ठ्या दिल्या. एक कानाच्या तपासणीची, दुसरी मुलांच्या विकासाचे तज्ज्ञ असतात त्यांच्याकडची.

आधी कान. हे टाळू नका, मूल टीव्हीचा आवाज ऐकून धावत येत असलं तरी. काही ठरावीक आवाजच ऐकू येत असतील तर घरी पत्ता लागत नाही. बेरा टेस्टला मूल झोपलेलं लागतं. कपाळावर आणि कानांमागे तारा चिकटवतात, कानात आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत काय पोचतंय ते यंत्रावर दिसतं. दुखत काहीच नाही. खरी कसरत तिला वाटेत जागं ठेवण्याची. मी सबंध रस्ताभर बेसूर गाणी म्हणत होतो.

निघालं काय, तर आतला कान ठीक, पण दोन्ही पडद्यांमागे पाणी साठलेलं. बहुतेकदा ते आपोआप ओसरतं, तीन महिन्यांनी परत बघू, असं सांगितलं. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. कानच होता तर! पण ऑडिओलॉजिस्ट बाईंनी तिथल्या तिथे जमिनीवर आणलं. ज्यांना ऐकू कमी येतं ती मुलं उलट खाणाखुणा जास्त करतात, नजरेने विचारतात, बोटं दाखवून भंडावून सोडतात. कानामुळे बोलणं मागे पडेल, पण बोट न दाखवण्याचं खापर कानावर फोडता येणार नाही.

विकासतज्ज्ञांकडे काही महिन्यांची रांग होती. इथे बालरोगतज्ज्ञांनी जे सांगितलं ते या सगळ्या प्रवासातलं सर्वांत कामाचं वाक्य: "थेरपी सुरू करायला आजाराचं नाव लागत नाही, काय जमत नाहीये एवढं कळलं की पुरे." काही ठिकाणी आधी रिपोर्ट आणा म्हणतात. तिथे बालरोगतज्ज्ञांचं पत्र चालेल का, हे विचारायचं. आमच्या स्पीच थेरपिस्टना चाललं. रांगेतही नुसतं नाव लावून बसलो नाही. कुणाची वेळ रद्द झाली तर आम्हाला फोन करा, ऐन वेळीही येऊ, असं सांगून ठेवलं होतं, आणि खरंच तसा फोन आला.

दरम्यान मोबाइलवर छोटे व्हिडिओ काढत होतो. एकटी खेळताना, जेवताना, मागून हाक मारल्यावर. अनोळखी खोलीत मूल एक तर रडतं, नाहीतर कधी नव्हे ते शहाण्यासारखं वागतं. दोन्हींत घरचं मूल दिसत नाही. शब्दांतही तेच. 'हट्टी आहे' यातून डॉक्टरांना काही कळत नाही. 'गाडीची चाकं फिरवत बसते, गाडी काढून घेतली की डोकं आपटते' यातून कळतं.

स्पीच थेरपीत पहिल्या दिवशी शब्द शिकवतील असं मला वाटलं होतं. बाईंनी साबणाच्या फुग्यांची बाटली काढली. फुगे उडवले, झाकण घट्ट लावलं, बाटली तिच्या हातात दिली आणि गप्प बसल्या. लेकीने खटपट केली, बाटली आपटली, मग बाईंचा हात ओढून झाकणावर ठेवला. बाई हलल्या नाहीत. माझी चुळबुळ सुरू झाली. मधे बोलू नका, अशी त्यांनी खूण केली. बऱ्याच वेळाने लेकीने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं, आणि त्याच क्षणी "उघड!" म्हणत बाईंनी झाकण उघडलं. तासभर हेच. घरी करायचंही हेच: तिच्या मनातलं ओळखून हातात आणून द्यायचं नाही, थांबायचं. आजीला हे सर्वांत जड गेलं. नातीला ताटकळत ठेवणं तिच्या स्वभावातच नाही.

विकासतज्ज्ञांची तपासणी लांबलचक होती. ठोकळे, चित्रं, नक्कल, आणि आमची उलटतपासणी. घरात दोन भाषा बोलतो, त्याने गोंधळ झाला का, हे मी विचारलंच. नाही, दोन भाषांमुळे विकास मागे पडत नाही, तुम्हाला सहज येते ती भाषा बोला, एवढं त्यांनी स्पष्ट सांगितलं. रिपोर्टवर आलं 'ग्लोबल डेव्हलपमेंटल डिले', म्हणजे एकापेक्षा जास्त बाबतींत विकास मागे. हे नाव पाच वर्षांखालच्या मुलांसाठीच वापरतात, पुढे पुन्हा तपासून काय ते ठरतं. स्वमग्नतेबद्दल त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. सहा महिन्यांनी परत बोलावलं आणि ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं आणि खेळ जमावेत यासाठीची थेरपी, जोडून दिली.

रिपोर्टात उद्दिष्ट म्हणून 'संवाद सुधारणे' असं लिहिलं होतं. बायकोने ते बदलून मागितलं, कारण सुधारला की नाही हे ठरवायचं कसं? आता तिथे लिहिलंय: दोन वस्तू समोर धरल्या तर दहापैकी आठ वेळा हवी ती बोटाने दाखवेल. तेच पान आम्ही बालवाडीच्या बाईंनाही देऊन ठेवलंय.