खुडूक कोंबड्यांची नोंद: आखाजी ते नवरात्र

परसात सध्या गावठी कोंबड्या जास्त, दोन असील आणि थोड्या गिरिराज आहेत. अंड्यांचा भार गिरिराज उचलते, पण खुडूक, म्हणजे अंडी घालणं थांबवून ती उबवायला बसणारी, ती सहसा होत नाही. जास्त अंड्यांसाठी निवडत आणलेल्या जातींत बसण्याची ओढ मागेच पडते. गावठीचं उलट आहे. वर्षाकाठी साठ-सत्तर अंडी, आणि त्यातही मध्येच रुसल्यासारखी खुराड्यात जाऊन बसायचं. आमच्या गल्लीत यावरून तिला बोल लावणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. गिरिराजची अंडीसुद्धा शेवटी गावठीच्याच पोटाखाली उबून फुटतात, आणि वीज गेली की उबवणीचं यंत्र थांबतं, तशी ती कधी उठून जात नाही. प्रश्न फक्त तिला कधी बसू द्यायचं आणि कधी उठवायचं याचा आहे. आमच्या खानदेशातल्या चोपड्याकडच्या हवेत त्याचं उत्तर पुण्या-कोकणातल्या लोकांसारखं नसतं.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास काबरी नावाची कोंबडी बसली. लक्षणं सगळी होती: अंग पसरून बसणं, हात घातला की घशातून घर्रर्र करत टोचणं, दिवसातून एकदाच बाहेर येऊन भराभर दाणा-पाणी घेणं आणि एकच मोठी, उग्र वासाची विष्ठा टाकणं. पोटाखाली बोट घातलं तर तिथली पिसं गेलेली आणि कातडी चटका बसावी इतकी ऊन. मोठी माय, म्हणजे माझी आजेसासू, म्हणाली, "बठनी शे ना, आते तिले उठाडू नको" (बसली आहे ना, आता तिला उठवू नको). थंडीचे दिवस असते तर मीही तेच केलं असतं.

पण एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४४-४५ ला टेकतो. पत्र्याखालच्या खुराड्यात त्याहून जास्तच. अंड्याला लागते साधारण ३७.५ अंश ऊब. दुपारी कोंबडी स्वतःच चोच उघडी टाकून धापा टाकते, अंड्यांवरून उठून उभी राहते आणि अंडी तिच्याशिवायच तापत राहतात. शिवाय हवा कोरडी, त्यामुळे कवचाच्या आतला पापुद्रा सुकतो आणि पिल्लू टोच्या मारूनही बाहेर निघत नाही. म्हणून होळीनंतर पाऊस धरेपर्यंत माझ्याकडे कोणालाच बसवायचं नाही, हे ठरलेलं आहे.

उठवायचे जुने उपाय फार निर्दय आहेत. कोणी पाण्यात बुडवतं, कोणी नाकपुडीतून पीस आरपार घालतं, कोणी उपाशी डांबतं. यातलं काहीही करू नका. खुडूकपणा हट्टामुळे येत नाही. अंड्यांचा स्पर्श आणि पोटाची ऊब मिळत राहिली की अंगात प्रोलॅक्टिन वाढतं, आणि त्यापायी अंडी घालणं थांबतं. ऊब तोडली की ते उतरतं. त्यासाठी तळाला जाळी असलेला पिंजरा लागतो, जमिनीपासून हातभर उंच, उजेडात, खालून वारा खेळेल असा. आत गवत नाही, भुसा नाही, कोपरा नाही. दाणा-पाणी मात्र पोटभर. एरवी तीन-चार दिवसांत कोंबडी ताळ्यावर येते.

काबरीला जास्त वेळ लागला, आणि कारण उघड आहे. मे महिन्यातला वाराच गरम, मग पोट गार कसं पडणार? मी पिंजरा कडुनिंबाखाली जुन्या लोखंडी खाटेवर ठेवला आणि वाऱ्याच्या बाजूला ओलं गोणपाट बांधलं. दुपारभर ते ओलं ठेवलं, रात्री पिंजरा तिथेच उघड्यावर. कुत्र्या-मांजरांसाठी वरून दुसरी जाळी. ओल्या गोणपाटानं जो फरक पडला तो डोळ्यांनी दिसला: चोच मिटली, पंख अंगाला आले, पिसं फुगवणं कमी झालं. पिंजऱ्यातून सोडल्यावर ती सरळ खुराड्याकडे न जाता उकिरड्यावर उकरायला गेली, तेव्हा समजले की ही सुटली. अशी सुटलेली कोंबडी पुन्हा अंड्यावर यायला दोन-तीन आठवडे घेते, तेवढा धीर धरावा.

उन्हाळ्यात अंडी दिवसातून दोनदा उचलावीत, हे वेगळं सांगायला हवं. साठलेली अंडी पाहिली की दुसरी कोंबडीही बसते. आणि २७ अंशांच्या वर तापलेल्या जागी फळलेल्या अंड्यात जीव थोडाथोडा वाढू लागतो. तो धड वाढतही नाही, धड थांबतही नाही. अशी अंडी नंतर कितीही चांगल्या कोंबडीखाली घातली तरी गढूळ निघतात.

पावसाळ्यात गणित बदललं. आषाढी एकादशीच्या आधी काबरी पुन्हा बसली. लगेच अंडी दिली नाहीत, नुसती लाकडी अंडी ठेवली. काळी असीलही घोटाळत होती, तिची वाट पाहायची होती. ती बसली तशी एकाच रात्री दोघींखाली खरी अंडी सरकवली. दोघींची पिल्लं एकत्र निघावीत असं मला वाटण्यामागे एक ठोस कारण आहे. मानमोडी (राणीखेत) रोगावरच्या लासोटा लसीची लहानात लहान कुपी माझ्या माहितीत शंभर मात्रांची. एकदा विरघळवली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. डझनभर पिल्लांसाठी आज एक कुपी आणि दहा दिवसांनी दुसरी, हे परवडत नाही. एकाच वेळी बसवल्या तर एका कुपीत शेजारच्या दोन घरांचीही पिल्लं होतात.

अंडी आठवड्याच्या आतली निवडली, न धुतलेली, मध्यम आकाराची. पाणी मारलेल्या वाळूत मडकं रुतवून त्यात टोकाची बाजू खाली करून ठेवली होती. काबरीखाली अकरा, असीलचं अंग मोठं म्हणून तिच्याखाली चौदा. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीची फुली, कारण बाकीच्या कोंबड्या संधी साधून त्याच घरट्यात अंडं घालून जातात आणि मग कोणतं कधीचं ते कळत नाही. टोपल्यात खाली राख, वर केळीचा वाळलेला पाला चुरून. राखेमुळे पिसवांना आळा बसतो. बसलेली कोंबडी अंग झाडायला फारशी उठत नाही, तेव्हा उवा-पिसवा तिचं रक्त पिऊन तिला अंड्यांवरून पळवून लावू शकतात. पहिल्याच दिवशी पंखाखाली, शेपटीच्या बुडाशी पिसं उलटी करून पाहा. मोठ्या मायनं टोपल्यात लोखंडाचा एक तुकडा ठेवला, विजेच्या गडगडाटानं अंडी बिघडू नयेत म्हणून. तिचं मन राहावं म्हणून मी तो तसाच राहू दिला.

सातव्या रात्री मोबाईलच्या टॉर्चवर अंडी पाहिली. पुठ्ठ्याला भोक पाडायचं, त्यावर अंड्याचा बोथट भाग टेकवायचा. फळलेल्या अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मध्ये हलणारा ठिपका दिसतो. जे स्वच्छ पारदर्शक दिसतं ते काढून टाकायचं. दोघींची मिळून चार अशी निघाली. अठराव्या दिवसानंतर हात लावला नाही.

पिल्लं एकविसाव्या दिवसाच्या आगेमागे निघाली. काबरी पहिल्या पिल्लांना घेऊन उठायच्या बेतात होती आणि तिच्याखाली दोन अंडी अजून टोच्या मारत होती. ती रात्री असीलखाली घातली, दोन्ही फुटली. पिल्लाच्या पोटात बलक उरलेला असतो, त्यामुळे पहिला दिवसभर दाणा नसला तरी चालतं. घाई करून आईला उठवू नये.

श्रावणात आमच्याकडे कानबाई देवीचे रोट होतात, त्या सुमारास लासोटा डोळ्यात थेंब टाकून दिली. लस तालुक्याहून थर्मासमध्ये बर्फावर आणली. मानमोडी एकदा शिरली की कळप रिकामा करते, म्हणून लस चुकवत नाही. नवापुरात २००६ च्या फेब्रुवारीत आणि पुन्हा २०२१ मध्ये बर्ड फ्लू आला, तेव्हापासून बाजारातून मोठे पक्षी आणणंही जवळजवळ बंद आहे. घरचीच पिल्लं वाढवायची, एवढ्यासाठी खुडूक कोंबडी मला लाखमोलाची वाटते.

पावसाळी पिल्लांना रक्ती हगवणीचं भय असतं. ओला भुसा रोज उचलून कोरडा टाकला, पाण्याचं भांडं विटेवर उंच ठेवलं. एक पिल्लू घारीनं नेलं, बाकीची सुखरूप आहेत. नवरात्र तोंडावर आलंय, काबरीचा फिका पडलेला तुरा पुन्हा लाल होतोय आणि दाणा टाकला की ती पिल्लांना टोचून बाजूला सारते. दहाएक दिवसांत तिला त्यांच्यापासून वेगळं करीन.

पुढची रवण, म्हणजे अंड्यांवर बसवणं, दसऱ्यानंतर, थंडी लागताना. असीलखाली यंदा बदकाची अंडी घालून पाहायची आहेत. बदकाच्या पिल्लाला २८ दिवस लागतात, म्हणजे आठवडाभर जास्त बसावं लागणार. ज्यांनी असीलवर हे केलंय त्यांनी सांगा, त्या शेवटच्या आठवड्यात ती टिकून बसली का, आणि अंड्यांवर पाणी शिंपडलं होतं का.