डोकं आधी

“आजी, तुम्ही जाताय की मी जाऊ?”

मागून आवाज आला तेव्हा मी तलावाच्या खोल बाजूला होते. काठाच्या फरशीवर पायाची बोटं रोवलेली, दोन्ही दंड कानांना चिकटलेले, कंबरेत वाकलेली. या अवस्थेत मागे वळून बघता येत नाही आणि ‘आजी’ कुणाला म्हणतेस असा जाब तर मुळीच विचारता येत नाही. मी 51 वर्षांची आहे. पिकलेले केस टोपीत कोंबलेले होते. मग हिला कळलं कशावरून? “तू जा गं बाई,” म्हटलं. सातेक वर्षांची पोर माझ्या बाजूने सुर्रकन गेली. पाणी जेमतेम हललं.

दुपारी 2 ते 3 आमची लेडीज बॅच असते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आयांबरोबर पोरीही येतात, म्हणून हे असले प्रश्न.

पोहता मला येतं. चांगलं अर्धा तास न थांबता येतं. येत नाही तो सूर. महिना झाला, मॅडम शिकवताहेत. आधी काठावर बसून, हनुवटी छातीला लावून नुसतं पुढे घरंगळायचं. मग एक गुडघा टेकून. मग उभं राहून. बसून जमलं, गुडघ्यावर जमलं, उभं राहिलं की माझी मान ऐन वेळी वर येते. मान वर आली की पोट खाली जातं आणि पाणी असं काही सणसणीत वाजवतं की मांड्यांपासून छातीपर्यंत लालबुंद. पाण्याला बाजूला व्हायला वेळच मिळत नाही, म्हणून ते लागतं, असं मॅडम म्हणतात. मिळत नसेल. माझ्याकडे बघून ते मुद्दाम थांबतं असा माझा संशय आहे.

“शेवटी बघता तुम्ही,” त्या म्हणाल्या.

“कुठे पडतेय ते बघायला नको?”

“पाणीच आहे ना! दुसरं काय असणार?”

सूर लागत नाही, हे मी पूर्वी गाण्याच्या क्लासलाही ऐकलेलं आहे. तिथे दोन महिने टिकले होते.

पण यात माझा तसा दोष नाही. मी पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी आलेली. आमच्या गल्लीत कुणाची उसण भरली, कंबर धरली की मला बोलावणं यायचं. माणूस जोत्यावर पालथा पडलेला, आणि मी डाव्या पायाने त्याला हलकेच लाथ मारायची. तीनदा. त्याबद्दल शेंगदाण्याचा लाडू. एकदा शाळेचे हेडमास्तर असे पालथे पडलेले होते. तिसरी लाथ जरा जोरात बसली, आणि ती चुकून बसली असं मी आजही म्हणणार नाही. उलट वळवाचं आभाळ गडगडलं की आजी मला धरून माजघरात कोंबायची, कारण पायाळूवर वीज पडते. म्हणजे कौतुकही पायांमुळे आणि कोंडणंही पायांमुळे. डोक्याबद्दल कुणी कधी काही बोललं नाही.

नाही, एकदा बोललं.

मे महिन्यात आम्ही मामाकडे जायचो. सांगलीजवळ त्याचा मळा, मळ्यात दगडी बांधकामाची मोटेची विहीर. मोट तेव्हाच बंद पडली होती, इंजिन आलं होतं, पण बैलांची धाव शाबूत होती. गोडेतेलाचा पत्र्याचा डबा झाळून बंद केलेला, तो सुती दोराने पाठीला बांधायचा आणि मामाने आपल्याला ढकलायचं, हे सगळं शिक्षण. फ्रॉकमध्ये हवा भरून पुढेही एक फुगा तयार व्हायचा. डबा मागे, फुगा पुढे, मधे मी. पंधरा दिवसांत डबा सुटला. मग आम्ही दिवसभर मुटके मारायचो. गुडघे पोटाशी घेऊन धब्बकन. विहिरीच्या कपारीतले पारवे एकदम फडफडत वर जायचे, आणि आवाज विरेपर्यंत वरच गोल गोल फिरायचे.

मामा मात्र सूर मारायचा. तो गेला की पारवे उडायचे नाहीत.

त्याने दोघा भाच्यांना सूर शिकवला. माझी पाळी आली त्या दिवशी आजी कधी नव्हे ती धावेवर येऊन उभी राहिली. “तिला नको. पायाळू पोर आहे. तिचं डोकं आधी घालू नका पाण्यात.” मामा हसला, पण आजीचा चेहरा बघून त्याने मला कडेच्या पायऱ्यांवर बसवलं. हा नियम कुठल्या पोथीतला कोण जाणे. पुढे मी पुष्कळ बायाबापड्यांना विचारलं. विजेचं सगळ्यांना माहीत, पाण्याचं कुणालाच नाही.

तेव्हापासून कोण कुठे आधी काय घालतं याकडे माझं लक्ष असतं. चौथीत गुरुजी ती त्रिखंडात गाजलेली उडी रंगवून सांगत होते. 8 जुलै 1910, मार्सेलिसचं बंदर, मोरिया बोट. वर्ग श्वास रोखून बसलेला. मी हात वर केला. गुरुजी, सावरकर पोर्टहोलमधून आधी डोकं काढून निघाले की आधी पाय? “तू खाली बस.” अजून बसलेलीच आहे.

परवा रात्री झोप येईना म्हणून फोनवर टोकियो ऑलिंपिकमधल्या क्वान होंगचानच्या उड्या बघत पडले. 14 वर्षांची चिनी मुलगी, 10 मीटरवरून. खाली यायला दोन सेकंदही लागत नाहीत, आणि पाण्याला लागताना वेग ताशी 50 किलोमीटर. पाचपैकी दोन उड्यांना सातही पंचांनी 10 पैकी 10 दिले. मी एकच गोष्ट थांबवून थांबवून पाहिली, तिचे हात. मला वाटायचं, बोटं टोकदार जोडून पाणी चिरत जायचं. तसं नसतंच. एका हाताने दुसरा धरून तळवे सपाट पाण्याकडे केलेले. तळव्यांनी पाण्यात भोक पाडायचं, मग त्याच भोकातून सगळ्या अंगाने मुकाट जायचं.

आज मी भोक पाडलं. त्या पोरीच्या मागोमाग, दुसऱ्यांदा विचार न करता. डोळे मिटलेले होते हे मॅडमना सांगितलं नाही. पाणी वाजलं नाही. खाली एकदम गार, एकदम गप्प, आणि वर आले तेव्हा ती पोर शिडीला लटकून म्हणाली, “पाय वाकडे होते.”

रात्री आईला फोन केला. ती 76 वर्षांची आहे, पलीकडे मालिका चालू होती. सूर जमला म्हटलं. आजीने मारू दिला नव्हता, आठवतं का? तिने मालिकेचा आवाज बंद केला.

“तुझे पाय आले, कंबर आली, हात आले,” ती म्हणाली. “डोकं काही येईना. सुईण घामाघूम. तुझी आजी दाराबाहेर बसून नुसती ‘डोकं, डोकं’ करत होती. मला आत ऐकू येत होतं.”

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मान कलती करून मी फोन तसाच धरून ठेवला. कानात अडकलेलं दुपारचं पाणी तेव्हा कुठे सुटलं आणि कोमट होऊन मानेवर ओघळलं.