आजोबांचं वेबली रिव्हॉल्व्हर, अकरा काडतुसं आणि दीड वर्षाची धावपळ: माझा अनुभव

आमची ठाण्याच्या नौपाड्यातली बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, २०२२ च्या जानेवारीत घर रिकामं करायचं होतं, आणि माळा उपसताना बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा निघाला. आत आजोबांची पदकं, पलटणीतला एक फोटो आणि जाड तपकिरी कागदाचं पुडकं. आई म्हणाली "हात नको लावूस रे त्याला" पण तोवर मी एक काढलं होतं, काडतूस, पितळ कळकून हिरवं पडलेलं, पुढे बोथट गोळी आणि बुडावर केएफ ही अक्षरं. केएफ म्हणजे किरकी फॅक्टरी, आपल्या खडकीचा १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना. पुडकं बाराचं होतं, मोजली तर अकरा भरली.

आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत सुभेदार होते, १९४७ ला मायदेशी परत चाललेल्या एका गोऱ्या कॅप्टनकडून त्यांनी ही काडतुसं ज्याची ते रिव्हॉल्व्हर विकत घेतलं, रीतसर परवाना काढून. वेबली मार्क सहा, ब्रिटिश सैन्यात १९१५ ला आलेलं मॉडेल, .४५५ बोअर (म्हणजे नळीच्या भोकाचं माप, इंचात), सहा इंची नळी, वजन किलोच्या थोडं वरच. आमच्यावर १९१७ साल कोरलंय आणि बाजूला तो सरकारी बाणाचा शिक्का. आजोबांनंतर परवाना बाबांच्या नावावर आला. बाबांनी २०१९ च्या निवडणुकीत आचारसंहिता लागल्यावर ते फोर्टातल्या एका डीलरकडे जमा केलं ते तिथेच राहिलं, आणि २०२१ ला बाबा गेले.

काडतुसांचं आधी सांगतो, कारण इथेच लोक चुका करतात. माझा एक मित्र म्हणाला बॅगेत टाक आणि पोलीस स्टेशनला नेऊन दे. नाही नेली. ज्याच्या नावावर परवाना तो माणूस हयात नाही म्हणजे ती माझ्याजवळ असणंच बेकायदा, त्यात ती घेऊन गोखले रोडवरून चालत जायचं आणि कोणी अडवलं तर काय सांगणार. फोन केला, परवान्याचं पुस्तक आणि बाबांचा मृत्यूचा दाखला काढून ठेवला, दोन पोलीस घरी आले, शेजारचे दोघं पंच, आणि पंचनाम्यात लिहिलं "जिवंत काडतुसे, नग ११". बारावं कुठे असं विचारलंच त्यांनी, मला खरंच माहीत नव्हतं, तसंच सांगितलं आणि त्यांनी तसंच लिहून घेतलं. वाईट वाटलं, कारण तो कागद, त्यावरची छपाई, सगळं गेलं, पण ऐंशी वर्षांपूर्वीची दारू आणि कॅप (बुडातली ठिणगी पाडणारी टोपी) घरात ठेवायची नाही ह्यावर माझं दुमत नाही. पुडक्याचे फोटो तेवढे काढून ठेवले होते.

आता रिव्हॉल्व्हर. सगळ्यांचं एकच, शंभर वर्षं झाली म्हणजे अँटिक, अँटिकला लायसन्स लागत नाही. हे चूक आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात कलम ४५ मध्ये सूट आहे ती जुनाट किंवा मोडक्या हत्यारांना, पण अट अशी की ते दुरुस्त करूनसुद्धा चालता कामा नये. आमचं वेबली तर आजही चालेल. आणि वरून ते प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे खास मनाई असलेल्या मापाचं, .४५५ रिम्ड (बुडाला कडा असलेलं) काडतूस बसणारं कुठलंही रिव्हॉल्व्हर त्या यादीत येतं, त्याचा परवाना इथे मिळत नाही, फाइल दिल्लीला गृह मंत्रालयात जाते. विनापरवाना सापडलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा ७ ते १४ वर्षं. हे वाचल्यावर दोन रात्री झोप नव्हती मला.

वारसाहक्काने परवाना मिळतो, २०१६ च्या नियमांत तशी तरतूद आहे. ऑनलाइन अर्ज, बाबांच्या परवान्याचा युनिक नंबर, आईचं आणि डोंबिवलीच्या ताईचं ना-हरकत शंभरच्या स्टॅम्प पेपरवर, मेडिकल, शस्त्र हाताळायच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, हत्यार कुठे ठेवणार त्या कपाटाचा फोटो. हे सगळं महिन्याभरात झालं. मग फाइल अडली, आणि कशावर, तर डीलरच्या पावतीवर .४५ लिहिलं होतं आणि परवान्यावर .४५५. एक पाच राहिला. कागदावर ती दोन वेगळी हत्यारं झाली ना, टेबलावरच्या साहेबांचं चूक नव्हतंच. डीलरकडे गेलो, त्याने तिजोरीतून काढलं, खटका दाबल्यावर नळी खाली झुकली आणि मधून ती चांदणी वर आली जी काडतुसांच्या सहाही रिकाम्या पुंगळ्या एकदम बाहेर ढकलते, भिंगाखाली नंबर वाचला, परवान्याशी ताडला, नवीन पावती. ह्यात साडेतीन महिने गेले. तेव्हा तुमच्याकडे असं काही असेल तर पावती घेतानाच बोअर आणि नंबर हत्यारावरून वाचून घ्या, जुन्या कागदावरून उतरवू देऊ नका.

मधे एका अधिकाऱ्यांनी प्रेमानेच सांगितलं, "कशाला एवढा त्रास घेताय, सरेंडर करून टाका." सोपं होतं ते. पण आजोबा ते पितळी ब्रशने साफ करत बसायचे ओसरीवर आणि मी शेजारी तेलाची बाटली धरून, सहा-सात वर्षांचा असेन. ते नष्ट करायला आपल्या हाताने द्यायचं हे मला जमणार नव्हतं.

व्हेरिफिकेशनला पोलीस आले ते आम्ही भाड्याने राहतो त्या कोपरीच्या घरी, म्हणून पत्त्याचं परत एक अ‍ॅफिडेव्हिट. २०२३ च्या जुलैत परवाना हातात पडला, पाच वर्षांचा. डीलरकडून आणताना पाऊस होता, टॅक्सीने आलो, ट्रेनने नाही.

घरी आल्यावर आईने देवापुढे ठेवायला लावलं. मग म्हणाली थांब, आणि शिवणाचा डबा घेऊन आली, बटणांच्या खालून एक छोटीशी पितळी पुंगळी काढली, बुडाला केएफ, मधे कॅपवर टोचल्याचा खड्डा. कधी उडवलं, कशावर, तिला माहीत नाही, लग्न होऊन आली तेव्हापासून त्या डब्यातच आहे म्हणे. सकाळी पोलीस स्टेशनला फोन केला. आधीच्याच हवालदारांनी उलटीसुलटी करून पाहिली, जुना पंचनामा काढला आणि त्याच्या मागे जोडलेल्या कागदावर लिहिलं, "रिकामी पुंगळी, नग १".