भुशाच्या मागावर: जांबोटी ते कणकुंबी

खोड पोखरणारा भुंगेरा दिसणं नशिबाची गोष्ट. त्याचा भुसा मात्र हमखास सापडतो. बेळगावहून चोर्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर मेच्या अखेरीपासून मृगाच्या सुरुवातीपर्यंत जावं. वळीव पडला की भुंगेरे बाहेर पडतात. आषाढात कणकुंबीकडचा पाऊस भुसा धुऊन नेतो आणि उरतात त्या जळवा.

जांबोटीच्या पुढे कडेला उन्मळलेला ऐन होता, पानं तपकिरी होऊन अजून फांद्यांना चिकटलेली. झाड नुकतं मेलेलं असावं ते असं. सालीतून पांढुरक्या भुशाच्या शेवया ताठ बाहेर आलेल्या. बोट लागताच मोडतात, म्हणून आधी फोटो. भोक जेमतेम दीड मिलिमीटर, कड काळी. हा भुंगेरा लाकूड खात नाही. बोगद्यात बुरशी पिकवतो आणि तीच खातो. काळा डाग तिचाच. ओंडका वाळला की बुरशी मरते, त्यामुळे जुन्या ओंडक्यावर भोकं असतात, ताजा भुसा नसतो. तिथं थांबण्यात अर्थ नाही.

गावाकडेच्या अर्ध्या वाळलेल्या आंब्यावर भिरूड, म्हणजे खोड पोखरणारा मोठा भुंगेरा. याचा भुसा जाड, तंतूतंतूंचा, चिकानं लडबडून भोकातून लोंबतो. अळी 10 सेंटीमीटरपर्यंत वाढते. भुंगेरा राखी, मानेवर दोन केशरी चंद्रकोरी. तो रात्री टॉर्च घेऊन शोधावा, झाडमालकाला विचारून. चपटं, लांबट भोक आणि आत दाबून भरलेली पूड दिसली तर सोनकिड्यांच्या जातीतला कुणीतरी. उन्हाची बाजू आधी बघा.

हातानं कुस्करेल इतका कुजलेला ओंडका सगळ्यात मजेचा. त्यात काळेकुळकुळीत, पाठीवर रेघा असलेले भुंगेरे अळ्यांसह कुटुंब करून राहतात आणि अळ्यांसाठी लाकूड चावून मऊ करतात. कानाशी धरलं की चिरचिरतात. ओंडका पलीकडची कड धरून आपल्याकडे उलटावा, म्हणजे खालचा विंचू किंवा साप समोर निसटतो. बघून झाल्यावर होता तसाच ठेवा. उघडा राहिला तर आतला ओलावा जातो. उभ्या झाडाची साल सोलू नये, अळ्या वाळतात.

याच भागातलं भीमगड अभयारण्य 2011 मध्ये जाहीर झालं. वनखात्याच्या परवानगीशिवाय आत जाऊ नका, आणि मिळाली तरी मेलेला किडा किंवा वाळकी काटकीही उचलू नका. रस्त्याकडेलाच भरपूर सापडतं. सोबत भिंग, मोजपट्टी, जाड हातमोजे आणि जळवांसाठी मीठ. वारा सुटला की वठलेल्या झाडाखालून बाजूला व्हा. पोखरलेली फांदी आवाज न करता खाली येते.