तेझुकांच्या आधीचं अ‍ॅनिमे

अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन, कोणी सुरू केलं हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी अ‍ॅनिमेशन शिकवतो हे कळलं, की लग्नाच्या पंगतीतसुद्धा पुढचा प्रश्न ठरलेला: ‘अ‍ॅनिमे सुरू केलं ते ओसामू तेझुकांनीच ना?’

नाही हो. तेझुका हे जपानी व्यंगचित्रकार, आणि त्यांची ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ ही कार्टून मालिका टीव्हीवर आली 1 जानेवारी 1963ला. त्याच्या कितीतरी आधी, 1917मध्ये, शिमोकावा ओतेन, कोउची जुनइची आणि कितायामा सेइतारो या तिघांनी तीन वेगळ्या कंपन्यांसाठी चित्रं हलवून दाखवली होती. पहिले दोघे व्यंगचित्रकार, तिसरे चित्रकार. शिकवायला कोणी नव्हतं. परदेशी फिल्म बघायच्या आणि तर्क लढवायचा. (आपल्याकडे फाळके 1915मध्ये ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्या नाचवत होते, तेही असंच. ती फिल्म आज कुठेच नाही.)

तिघांचंही बहुतेक काम गेलं. 1923च्या टोकियोतल्या भूकंपात कितायामांचा स्टुडिओच उद्ध्वस्त झाला. शिवाय चालून चालून झिजलेल्या फिल्म कापून घरगुती खेळण्यातल्या प्रोजेक्टरसाठी विकायची तेव्हा पद्धत होती. त्यामुळे जे हाती लागतं, ते जुन्या बाजारातच. कोउचींची ‘नामाकुरा गाताना’ नात्सुकी मात्सुमोतो या संशोधकाला ओसाकातल्या अशाच बाजारात सापडली, 2008मध्ये ते जाहीर झालं. गोष्ट दोन ओळींची: एक बावळट सामुराई नवी तलवार घेतो, ती निघते बोथट. धार पाहायला तो रस्त्यावरच्या माणसांवर धावून जातो आणि त्यांच्याचकडून मार खातो. शंभर वर्षांनंतरही हसू येतं.

माझा जीव मात्र अडकलाय तो पुढच्या कागदी काळात. चित्रं काढायची पारदर्शक सेल्युलॉइड शीट महाग, आणि अमेरिकी कार्टून्स आपला खर्च मायदेशातच वसूल करून आलेली, म्हणजे स्वस्तात दाखवता येणारी. त्यांच्याशी टक्कर कशी द्यायची? तर पात्रं कागदातून कातरायची. डोकं वेगळं, हात वेगळा, पाय वेगळा. पार्श्वभूमीवर मांडायचं, एक फ्रेम घ्यायची, कोपर केसभर सरकवायचं, पुन्हा फ्रेम. मुराता यासुजींची कात्री अशी, की हे कातरकाम आहे यावर विश्वास बसत नाही. ओफुजी नोबुरोंनी तर चियोगामी हा जपानी छापील नक्षीचा कागदच वापरला, त्यामुळे कपड्यांवरची वेलबुट्टी आयतीच मिळाली. माझ्या मते त्या काळातला सगळ्यात डोकेबाज माणूस हाच.

मग पैसा आला, पण युद्धाचा. नौदलाच्या खर्चाने सेओ मित्सुयोंनी 74 मिनिटांचा ‘मोमोतारो, उमी नो शिन्पेइ’ हा अ‍ॅनिमेशनपट केला. प्रचारपटच तो, त्याचं कौतुक जपूनच करावं. पण त्यातल्या जंगलातल्या शाळेत सैनिक तिथल्या प्राण्यांना गाण्यातून अक्षरं शिकवतात, तो प्रसंग बघाच. एप्रिल 1945मध्ये बॉम्बवर्षावाने होरपळलेल्या ओसाकातल्या थिएटरात सोळा वर्षांच्या एका मुलाने तो पाहिला आणि आपणही हेच करायचं असं ठरवलं. तो मुलगा म्हणजे तेझुका.

बघायचं असेल तर जपानच्या राष्ट्रीय फिल्म संग्रहालयाने 2017मध्ये या जुन्या फिल्म इंटरनेटवर मोफत ठेवल्या, इंग्रजी सबटायटल्ससकट. आधी ती बोथट तलवार बघा. मग मुरातांची एखादी घ्या, आणि कागद कुठे जोडलाय ते शोधा.