दाराबाहेरचं जर्मनी

रविवार, ४ मे २०२५

आज बॉनहून गाडी काढली ती थेट आयफेलच्या डोंगराळ भागात. किल्ल्यांचे फोटो काढणं मी केव्हाच सोडलंय, पोस्टकार्डवर ते माझ्यापेक्षा चांगले मिळतात. मला हवं असतं ते गावकऱ्यांनी दाराबाहेर मांडलेलं, टांगलेलं, बांधलेलं काहीतरी. त्यासाठी इकडे मे महिन्यासारखा महिना नाही.

३० एप्रिलच्या रात्री इथली पोरं आपापल्या मैत्रिणीच्या घराबाहेर बर्चचं झाड उभं करतात. फांद्यांना क्रेप कागदाच्या रंगीत पट्ट्या, मध्ये लाकडी बदाम आणि त्यावर तिचं नाव. आज एक झाड अगदी जवळून टिपलं. पन्हळीच्या पाइपाला तारेने आवळलेलं, पण पाइपाला चरा पडू नये म्हणून मध्ये सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली. प्रेमात आकंठ बुडालाय, तरी भावी सासऱ्याच्या पन्हळीची काळजी आहे! पावसाने गुलाबी कागदाचा रंग मात्र भिंतीवर ओघळला होता. महिना संपला की पोराने येऊन झाड उतरवायचं. मग मुलीच्या आईकडून केक आणि बापाकडून बिअरचा क्रेट, असा रिवाज. लीप वर्षात झाड लावायची पाळी मुलींची, म्हणजे गेल्या वर्षी पोरं निवांत झोपली असणार.

पुढच्या गावात अंगणात लाकडी करकोचा. चोचीत गाठोडं, दोरीवर बाळाचे चिमुकले कपडे, पाटीवर नाव आणि जन्मतारीख. दोन घरं सोडून दारावर हिरवी कमान, मधोमध चंदेरी २५. लग्नाचा वाढदिवस, शेजाऱ्यांनी बांधून दिलेला.

मला याचं नवल वाटतं ते एवढ्यासाठी, की खाजगीपणाला एवढं जपणारे लोक मी दुसरीकडे पाहिले नाहीत. २०१० साली रस्त्यावरून घरांचे फोटो दाखवणारं गुगलचं स्ट्रीट व्ह्यू आलं तेव्हा इथल्या सुमारे २ लाख ४४ हजार घरांनी ‘आमचं घर पुसट करा’ म्हणून अर्ज केले होते. आणि इकडे बारसं, लग्न, पन्नाशी, सगळं रस्त्यावर! माझा आपला अंदाज असा, की चालत येऊन बघणाऱ्याशी त्यांचं काहीच वाकडं नाही. तो गावचाच, किंवा गावात येण्याइतका रिकामा तरी.

रस्त्यावरून दिसणाऱ्या इमारतीचा फोटो काढायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५९ ने मुभा आहे, पण बाळाच्या नावाचा प्रश्न वेगळा. म्हणून करकोच्याच्या घरी विचारलंच. आजीबाई झारीने फुलझाडांना पाणी घालत होत्या.

“कशासाठी हवाय?”

“आवडला म्हणून.”

त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं, झारी खाली ठेवली, कचऱ्याचा पिवळा डबा ढकलत गॅरेजमागे नेला आणि म्हणाल्या, “हं, आता काढा.” नावाची पाटी मी चौकटीबाहेर ठेवली. ते त्यांना फारसं रुचलं नसावं.

दुपारी एफेल्सबर्ग. झाडीतून वळण घेतलं की दरीत एकदम १०० मीटर व्यासाची पांढरी तबकडी. १९७२ पासून चालू असलेली ही रेडिओ दुर्बीण, बाहेरच्या लहरींचा त्रास नको म्हणून मुद्दाम दरीत बसवलेली. पाहायला येणाऱ्यांनीही मोबाइल बंद ठेवायचे. माझं आजोळ नारायणगावचं, त्यामुळे ४५ मीटरच्या ३० तबकड्यांचं खोडदचं जीएमआरटी, तीही रेडिओ दुर्बीणच, लहानपणापासून ओळखीचं. तिथे द्राक्षबागांपलीकडे तबकडी दिसायची, इथे कुरणापलीकडे. फोटोत मी गाई पुढे घेतल्या, दुर्बीण मागे. गाईंना आकाशगंगेत काडीचा रस नव्हता.

संध्याकाळी मामाला फोटो पाठवला. वाटलं, खोडदची आठवण काढेल. त्याचा लगेच फोन. “पुढच्या रानात काय लावलंय?”

“गवत.”

“एवढ्या रानात नुसतं गवत? पाणी नाही का त्यांना?”

“पाणी भरपूर आहे, मामा.”

“मग टोमॅटो लाव म्हणावं.”